पाहुण्याचे छायाचित्र आणि यजमानाची स्मृती

प्रवासवर्णनाची स्तुती करताना मराठी समीक्षेने 'चित्रदर्शी' हे विशेषण फार सढळपणे वापरले आहे. वर्णन वाचताना शहर डोळ्यांपुढे उभे राहिले, जणू छायाचित्रच पाहिले, असे म्हटले की लेखकाला पुरेसा न्याय दिला, अशी परीक्षकांची समजूत दिसते. या स्तुतीत एक गृहीतक दडलेले आहे. परक्या शहराचे सर्वांत विश्वसनीय रूप छायाचित्रात असते आणि शब्दांनी शक्य तितके त्याच्या जवळ जावयाचे असते, हे ते गृहीतक. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. पाहुण्याने टिपलेले शहर आणि पाहुण्याला आठवणारे शहर या दोन भिन्न गोष्टी आहेत; दोहोंचे मोल एकाच मापाने ठरवता येत नाही.

छायाचित्राविषयीच्या आधुनिक चिंतनात हा भेद स्पष्टपणे मांडला गेला आहे. सुसान साँटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (1977) या ग्रंथात पर्यटक आणि कॅमेरा यांचे नाते उलगडून दाखवले. अपरिचित जागी माणसाला जी अस्वस्थता वाटते, तिच्यावर मात करण्याचे, त्या जागेचा ताबा घेतल्याचा भास निर्माण करण्याचे साधन म्हणजे कॅमेरा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. रोलाँ बार्त यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात याहून पुढचे पाऊल टाकले. छायाचित्र 'हे होते' एवढेच खात्रीने सांगते. ते स्मृती नव्हे, उलट कित्येकदा ते स्मृतीची वाट अडवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी असलेले आईचे बालपणीचे छायाचित्र त्यांनी छापलेच नाही. जे त्यांना व्याकूळ करते ते इतरांना केवळ एक जुने चित्र वाटेल, हे ते जाणून होते. चित्राने स्मृती जागी व्हावयाची तर पाहणाऱ्यापाशी त्या वस्तूचे पूर्वसंचित असावे लागते. पाहुण्यापाशी नेमके तेच नसते.

या सूत्राच्या प्रकाशात मराठीतील एक प्रसिद्ध संहिता पाहण्याजोगी आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे कर्जबाजारी कुटुंबासाठी द्रव्यार्जन करावे म्हणून 1857 मध्ये चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. मुंबईत छायाचित्रण मंडळाची स्थापना 1854 मध्येच झाली होती. म्हणजे कॅमेरा या किनाऱ्याच्या शेजारी पोहोचला होता. भिक्षुकाच्या हाती मात्र तो नव्हता. गोडसे भटजी झाशीत राहिले आणि एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या सैन्याने शहर घेतले तेव्हाचा संहार व लूट त्यांनी लपून राहून अनुभवली. तो अनुभव त्यांनी लिहून काढला तो सुमारे पंचवीस वर्षांनंतर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. 'माझा प्रवास' छापून निघाला 1907 मध्ये.

त्याच 1858 साली फेलिचे बेआतो हा परदेशी छायाचित्रकार लखनौत आला होता. सिकंदर बागेतील त्याचे चित्र सर्वपरिचित आहे: भग्न इमारत, तिच्यापुढे काही माणसे आणि अंगणात विखुरलेल्या अस्थी. परंतु सिकंदर बागेतील संग्राम नोव्हेंबर 1857 मध्ये झाला होता, बेआतो पोहोचला तो काही महिन्यांनी. चित्रातील अस्थी छायाचित्रासाठी मांडल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. हे खरे असल्यास त्या चित्रात दिसते ती घटना नव्हे, तर घटनेची नंतर केलेली मांडणी. तरीही ते चित्र साक्षीचा आव आणते. आपण उशिरा आलो आहोत, ही गोष्ट ते सांगत नाही.

गोडसे भटजींची स्मृतीही उशिराचीच आहे. ती उशिराची आहे हे मात्र ती लपवत नाही. तिच्यात तपशिलाच्या चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. पण छायाचित्रात जे येऊ शकत नाही तेही तिच्यात आहे. लूट कोणत्या क्रमाने झाली, मौल्यवान वस्तूंनंतर भांडी, वस्त्रे आणि धान्य यांवर कशी पाळी आली, हे ते सांगतात. हा क्रम काळात उलगडणारा आहे. एका चौकटीत तो मावणारा नाही. शिवाय त्यांच्या झाशीला वरसईची पार्श्वभूमी आहे. राजवाडा, दानधर्म, ग्रंथसंग्रह यांचे वर्णन करणारा निवेदक घरचे कर्ज विसरत नाही. शहराचे वैभव तो दक्षिणेच्या मापाने मोजतो आणि शहराचा नाश स्वतःच्या भुकेच्या व भयाच्या मापाने. परके शहर त्याच्या मनात आपले गाव जागे करते आणि त्या गावाच्या आधारानेच त्याला ते शहर आकळते. या वर्णनाला 'चित्रदर्शी' म्हणणे म्हणजे त्याचा सर्वांत दुय्यम गुण पुढे करणे होय.

येथे एक आक्षेप संभवतो. लिखित स्मृतीवरही परक्या हातांचे संस्कार होतात. वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होतेच. आक्षेप रास्त आहे. तथापि दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा ते फेरफार ताडून पाहता आले. छायाचित्राच्या चौकटीबाहेर जे राहिले, त्याचे असे मूळ हस्तलिखित सहसा उपलब्ध नसते.

याचा अर्थ पाहुण्याचे छायाचित्र निरर्थक आहे, असा नव्हे. त्याचा अर्थ कोणासाठी, हा प्रश्न मात्र वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. गोडसे भटजींच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे दिवेआगरच्या वाटेवरचे बाजारपेठेचे गाव आहे. मुंबई-पुण्याचे पर्यटक येथून पुढे किनाऱ्याकडे जातात आणि नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, गल्ल्या टिपत जातात. यजमान आपल्या वाडीचे चित्र सहसा काढत नाही. रोजच्या वस्तूकडे नजर ठरत नाही. पाहुण्याला ती नवी असते म्हणून तो ती टिपतो, बहुधा आपल्या माणसांची पार्श्वभूमी म्हणून. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पिढ्यांनी वाढवलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. त्या दिवसापूर्वी काढलेल्या कोणत्याही सहलीच्या चित्राचा अर्थ त्यानंतर बदलला. पाहुण्याच्या लेखी जी पार्श्वभूमी होती, ती वाडीच्या धन्याच्या लेखी चित्राचा विषय ठरते. पाहुणा त्यात आपला आनंदाचा दिवस पाहील. धनी मात्र कोणते झाड कोठे होते आणि ते कोणी लावले होते, हे पाहील.

दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचेही असेच झाले. 1997 मध्ये एका वाडीत सापडलेला हा मुखवटा 2012 मध्ये चोरीस गेला. 2021 मध्ये तेथे पुन्हा सुवर्णमुखवटा बसवण्यात आला. मधल्या काळात भाविकांनी काढलेली चित्रे तेवढी उरली होती. ज्या गावाच्या भूमीतून तो निघाला, त्या गावासाठी ती चित्रे उणिवेची खूण होती. परगावच्या भाविकासाठी ती यात्रेची आठवण राहिली.

तेव्हा पाहुणा ज्या स्मृतीसाठी चित्र काढतो, ती स्मृती त्याला त्या चित्रातून क्वचितच मिळते. त्याचे चित्र ज्या स्मृतीला खरोखर हात घालते, ती पुष्कळदा यजमानाची असते, आणि यजमानाच्या हाती ते चित्र पोहोचतेच असे नाही. हा व्यवहार मुळातच असमान आहे. प्रवासवर्णनाच्या समीक्षेने या असमानतेची दखल घेतली पाहिजे. शहर किती हुबेहूब उतरले, यापेक्षा निवेदकाचे कोणते पूर्वसंचित त्या शहराने हलवले, त्या शहरात राहणाऱ्याला या वर्णनात आपले काही सापडेल काय, आणि निवेदक आपले परकेपण व आपला उशीर मान्य करतो काय, हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत. 'माझा प्रवास' या कसोट्यांना उतरतो. चित्रदर्शी म्हणून गौरवलेली कित्येक प्रवासवर्णने त्यांना उतरणार नाहीत.