स्प्रिंगांचा ताठा

गणपती बसवतात हे मला ठाऊक होतं. हल्ली गाडीही बसवतात. जुन्या पद्मिनीच्या पुढच्या मूळ स्प्रिंगा काढून आखूड घालायच्या, की गाडी दोन इंच खाली येते आणि मालक तेवढाच वर चढतो! आता आखूड स्प्रिंग कडकच हवी. तिला दबायला जागा थोडी. मऊ असली तर पहिल्याच खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आपटेल. वळणावर गाडी कमी कलते, हेही खरं. इथवर शास्त्र बिनचूक. मात्र जुने शॉकॲब्जॉर्बर त्या कडक स्प्रिंगेची उसळी आवरायला पुरे पडत नाहीत, हे कोणी बोलत नाही.

माझी हरकत निराळीच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी घडली ती तान्ह्या बाळासकट अख्खं बिऱ्हाड सुखरूप पोचवायला. 2023 साली मुंबईतल्या तिच्या टॅक्सी बंद झाल्या, तोवर तिने किती पाठी सांभाळल्या असतील! स्प्रिंग जे काम नाकारते, ते मणक्याला करावं लागतं.

भाचा म्हणतो, “मामा, रुबाब बघा की!” आहे ना. पण रुबाब दिसतो बाहेरच्याला. आत तुझी आजी बसते, बाबा.