संगणकशास्त्रातील मायनर: श्रेयांक भरले, पाया भरला का?

प्रस्तावना

स्थापत्य, यंत्र, विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या पदवीबरोबर संगणकशास्त्राचे किंवा त्याला लागून असलेल्या क्षेत्राचे मायनर घेता येते. देशातील बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत आता ही सोय आहे आणि तिला मागणीही मोठी आहे. प्लेसमेंटला येणाऱ्या अनेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या असतात, त्यामुळे ही मागणी समजण्यासारखी आहे.

या टिपणात आपण मायनरच्या अटींचे परीक्षण करणार आहोत. तपासायचा प्रश्न एकच आहे: या अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती संगणकशास्त्राचा पाया येतो का? माझे उत्तर असे की, तो येईलच याची हमी अटी देत नाहीत. त्या श्रेयांकांची बेरीज काटेकोरपणे सांगतात, पण कोणता विषय कोणत्या विषयाआधी झाला पाहिजे याबद्दल फारसे बोलत नाहीत.

१. नियम काय सांगतो

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीसाठी १६० श्रेयांक धरले आहेत. त्यापेक्षा २० श्रेयांक जास्त मिळवले तर ऑनर्स किंवा मायनर मिळते आणि हे जादा श्रेयांक ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवण्याची मुभा आहे. परिषदेच्या नंतरच्या नियमांत ही संख्या १८ ते २० अशी आहे. आपल्याच शाखेत जादा अभ्यास केला तर ऑनर्स आणि दुसऱ्या क्षेत्रात केला तर मायनर, असा साधारण भेद आहे.

परिषदेने उदयोन्मुख क्षेत्रांची यादीही दिली: कृत्रिम बुद्धिमत्ता, इंटरनेट ऑफ थिंग्ज, ब्लॉकचेन, रोबोटिक्स, क्वांटम कॉम्प्युटिंग, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, थ्रीडी प्रिंटिंग आणि डिझाइन, ऑगमेंटेड व व्हर्च्युअल रिअॅलिटी. मायनरची नावे बहुधा याच यादीतून येतात.

महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून २०२३ मध्ये जो आराखडा आला, त्यात बहुविद्याशाखीय मायनर पदवीच्या आतच आहे. त्यासाठी १४ श्रेयांक राखून ठेवले आहेत. आणखी १८ ते २० श्रेयांक घेतले तर ऑनर्स किंवा दुसरे मायनर मिळू शकते. म्हणजे इथे मायनर ही हौशी विद्यार्थ्याची जादा कमाई उरलेली नाही. प्रत्येकाला ते करावे लागते. म्हणूनच त्याच्या अटी नीट असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

२. २० श्रेयांक म्हणजे किती काम?

परिषदेच्या हिशोबाने आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे १ श्रेयांक आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे १ श्रेयांक. समजा, मायनरमध्ये प्रत्येकी ४ श्रेयांकांचे पाच विषय आहेत आणि प्रत्येक विषयाला आठवड्यात ३ तास व्याख्यान व २ तास लॅब आहे. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर एका विषयाची ४५ तास व्याख्याने आणि ३० तास लॅब होते. पाच विषयांचे मिळून २२५ तास व्याख्याने आणि १५० तास लॅब, एकूण ३७५ तास.

हे काम पाचव्या ते आठव्या सत्रात वाटले तर आठवड्याला सव्वासहा तास जादा पडतात, आणि घरचा अभ्यास त्यात धरलेला नाही. याच काळात इंटर्नशिप, प्रकल्प आणि प्लेसमेंटची तयारीही चालू असते. म्हणून हे विषय सहसा वेळापत्रकाच्या कडेला जातात: सकाळी कॉलेज सुरू होण्यापूर्वी, संध्याकाळी किंवा शनिवारी. एखादा विषय दोन बसेस बदलून येणाऱ्या मुलीला झेपेल की नाही, हे अशा वेळी त्या विषयाच्या अवघडपणापेक्षा बसच्या वेळेवर ठरते.

३७५ तास ही मोठी गुंतवणूक आहे. ती कशावर खर्च होते, हे विचारणे भागच आहे.

३. क्रम का महत्त्वाचा? दोन उदाहरणे

संगणकशास्त्रातले विषय एकमेकांवर रचलेले असतात. प्रोग्रॅमिंग आल्यावर डेटा स्ट्रक्चर, डेटा स्ट्रक्चर आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आल्यावर अल्गोरिदम, संभाव्यता आणि रेषीय बीजगणित आल्यावर मशीन लर्निंग. मधली पायरी गाळली तरी विद्यार्थी परीक्षेत पास होऊ शकतो. उणीव कळते ती काम करताना.

पहिले उदाहरण स्थापत्य शाखेचे. सर्वेक्षणातून दोन याद्या आल्या आहेत, प्रत्येकीत १ लाख बिंदू क्रमांक. पहिल्या यादीतला प्रत्येक क्रमांक दुसऱ्या यादीत आहे का, ते पाहायचे आहे. विद्यार्थी एका लूपमध्ये दुसरा लूप घालतो. वाईटात वाईट स्थितीत १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटी तुलना होतात. दुसरी यादी आधी क्रमाने लावून घेऊन बायनरी सर्च वापरला तर एका शोधाला साधारण १७ तुलना लागतात आणि सगळे शोध मिळून सुमारे १७ लाखांत काम होते. हॅश टेबल वापरले तर ते आणखी कमी होते. ज्याने डेटा स्ट्रक्चर शिकलेले नाही, तो ‘लॅपटॉप स्लो आहे’ म्हणतो आणि नवा लॅपटॉप मागतो.

दुसरे उदाहरण यंत्र शाखेचे. बेअरिंगच्या कंपनांवरून बिघाड ओळखणारे मॉडेल करायचे आहे. कंपनांची लांब नोंद छोट्या तुकड्यांत कापतात आणि ते तुकडे सरमिसळ करून काही प्रशिक्षणाला, काही चाचणीला ठेवतात. एकाच बेअरिंगच्या एकाच नोंदीचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे जातात. मॉडेल बिघाडाऐवजी ते बेअरिंगच ओळखायला शिकते, आणि चाचणीचे गुण मात्र झकास दिसतात. कारखान्यात नवे बेअरिंग आले की मॉडेल कोसळते. यात कोड कुठेच चुकलेला नसतो. नमुने परस्परांपासून स्वतंत्र असणे म्हणजे काय, हेच समजलेले नसते. हा धडा संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा आहे, आणि मायनरच्या बऱ्याच रचनांत तो गृहीत धरलेला असतो.

दोन्ही विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकावर मायनरचे २० श्रेयांक असू शकतात. अट पूर्ण झाली आहे, कमतरता अटीतच आहे.

४. सगळ्या शाखांना एकच ताट

अटींमधला दुसरा दोष म्हणजे विद्यार्थी कोणत्या शाखेतून येतो, याकडे दुर्लक्ष. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला मुख्य पदवीतच प्रोग्रॅमिंग, मायक्रोप्रोसेसर, कधी डेटा स्ट्रक्चरही असते. रसायन किंवा स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचा एक विषय केलेला असतो आणि पुढे बहुधा काही नाही. दोघांना मायनरचे तेच पाच विषय दिले तर पहिल्याला पुनरावृत्ती होते आणि दुसऱ्याला धाप लागते.

मुख्य पदवीतले श्रेयांक मायनरमध्ये पुन्हा मोजायचे नाहीत, हे तत्त्व योग्य आहे. पण त्याच्या जोडीला दुसरी तरतूद हवी: जो विषय आधी झाला आहे, त्याच्या जागी त्याच्या पुढचा विषय घेण्याची परवानगी.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचा विचार तर फारच कमी होतो. त्यांचे प्रवेश उशिरा होतात, वर्ग आधीच सुरू झालेले असतात. मायनर तिसऱ्या सत्रात सुरू होत असेल तर पायाभूत विषयाचेच पहिले काही आठवडे त्यांच्या हातून जातात. याच मुलांच्या हाताला लॅबची सवय सर्वांत चांगली असते, हे शिकवणाऱ्याला माहीत असते. त्यांच्यासाठी दोन-तीन आठवड्यांचा जोडवर्ग नियमातच लिहिलेला असायला हवा.

५. ऑनलाइन श्रेयांकांचा हिशोब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम मंचावरून करता येतात. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा विषय साधारण ३ श्रेयांकांचा धरतात आणि ८ आठवड्यांचा २ श्रेयांकांचा. म्हणजे १२ आठवड्यांचे सहा आणि ८ आठवड्यांचा एक विषय केला की २० श्रेयांक होतात. व्हिडिओंचे तास मोजले तर ते सुमारे २०० भरतात. आपण वर मोजलेले १५० तासांचे लॅब मात्र या हिशोबात कुठेच नाही.

या विषयांचा दर्जा कमी आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यातली बरीच व्याख्याने आपल्या महाविद्यालयातल्या तासापेक्षा सरस असतात, आणि काही विषयांत प्रोग्रॅमिंगचे स्वाध्यायही चांगले असतात. अंतिम गुणांत स्वाध्यायांचे २५ टक्के आणि देखरेखीखालच्या परीक्षेचे ७५ टक्के, ही पद्धतही उघड आणि समान आहे. अडचण महाविद्यालयाच्या बाजूला आहे. ‘ऑनलाइन करून घ्या’ म्हटले की शिक्षक नेमायचा नाही, लॅब उघडी ठेवायची नाही आणि शंका विचारायला जागा ठेवायची नाही, असा सोयीचा अर्थ काढला जातो. ऑनलाइन विषयाला आठवड्यातून दोन तास लॅब आणि एक जबाबदार शिक्षक जोडला तर हीच मुभा वरदान ठरेल.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप: कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स मागतात, पायाभूत विषयांची नावे पाहून मुले येणार नाहीत. पण कंपन्यांच्या पहिल्या फेरीच्या चाचण्यांत बहुधा प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चरचेच प्रश्न असतात. नाव आकर्षक ठेवायला हरकत नाही. फक्त त्या नावाकडे जाणारा जिना बांधलेला असावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: शिक्षक कुठून आणायचे? संगणक विभागावर स्वतःच्या तुकड्यांचाच भार पुष्कळ आहे, हे खरे. पण नऊ वेगवेगळ्या नावांची मायनर उघडली तर शिक्षक जास्त लागतात. सर्व मायनरांना पहिले तीन विषय समान ठेवले तर कमी लागतात. क्रम ठरवल्याने भार वाढत नाही, उलट वाटून जातो.

७. पर्यायी मांडणी

२० श्रेयांकांसाठी माझी सूचना अशी आहे:

पहिला विषय, प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर, लॅबसह: ४
दुसरा, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि संभाव्यता: ३
तिसरा, अल्गोरिदम, लॅबसह: ४
चौथा, डेटाबेस किंवा ऑपरेटिंग सिस्टीम, लॅबसह: ४
पाचवा, मायनरच्या नावाचा प्रगत विषय: ३
शेवटी, स्वतःच्या मुख्य शाखेतील प्रश्नावर प्रकल्प: २

१४ श्रेयांकांच्या आराखड्यात पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा विषय बसतात. अल्गोरिदम आणि स्वतंत्र प्रकल्प सुटतात. अशा वेळी प्रमाणपत्रावर ‘संगणकशास्त्र’ लिहिण्याऐवजी ‘उपयोजित संगणन’ लिहावे, म्हणजे मुलाखत घेणाऱ्याची आणि विद्यार्थ्याचीही फसगत होणार नाही. शेवटचा प्रकल्प मुख्य शाखेशी जोडलेला असावा, हा आग्रह मुद्दाम धरला आहे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला संगणक शाखेच्या विद्यार्थ्याची दुय्यम प्रत बनवण्यात काहीच हशील नाही. पूल, पाणी आणि माती समजणारा माणूस संगणकाशीही नीट बोलू शकतो, यात मायनरचे खरे मोल आहे.

८. नाव नोंदवण्यापूर्वी

नियम बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत विद्यार्थ्याने आपल्या विभागात पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. विषयांचा क्रम लेखी आहे का? लॅबचे तास वेळापत्रकात आहेत का? मधल्या सत्रात एखादा विषय राहिला तर तो पुन्हा कधी मिळेल? मायनर अर्धवट सोडले तर मिळवलेले श्रेयांक गुणपत्रकावर दिसतील का, आणि मुख्य पदवीवर काही परिणाम होईल का? जादा शुल्क किती, आणि ऑनलाइन परीक्षेचे शुल्क कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर घाईने सही करू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या महाविद्यालयातील मायनरचे विषय एका कागदावर लिहा आणि कोणता विषय कोणत्या विषयावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवा. वेळापत्रकातला क्रम त्या बाणांशी जुळतो का?

२. आपल्या मुख्य शाखेत आधीच शिकवलेला कोणता भाग मायनरमध्ये पुन्हा येतो? त्याऐवजी कोणता विषय घेता येईल?

३. विभाग ३ मधील बेअरिंगच्या उदाहरणात प्रशिक्षण आणि चाचणीचे नमुने कसे वेगळे करावेत?

४. १४ श्रेयांकांत अल्गोरिदम हा विषय बसवायचाच असेल तर काय वगळाल, आणि का?