कमला खान आणि आपली मुले

नांदेड-लातूरची आपली मुले मोबाईलवर गेम खेळतात, जपानी कार्टून पाहतात, म्हणून ती वाया गेली असे म्हणण्याआधी आपण 'मिस मार्व्हल' हे कॉमिक वाचायला हवे. 2014 साली जी. विलो विल्सन यांनी लिहिलेल्या या मालेची नायिका कमला खान जर्सी सिटीतली, पाकिस्तानी वंशाची. ती स्वतःच सुपरहिरोंची वेडी आहे, त्यांच्यावर कथा लिहिते. अनेक युद्ध-गेममध्ये मुसलमान केवळ नेम धरण्यापुरता असतो. इथे मात्र अम्मीची बोलणी आणि मशीद सहज येतात.

2022 च्या टीव्ही मालिकेत कमला 1947 च्या फाळणीत पोहोचते. पण तिथले दुःख जादूच्या कंगनावर निभावते. ही उणीव आम्हाला खटकते.

मराठवाड्याचा घाव 1948 चा. रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतरची हिंसा, दोन्ही इथे घडले. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद मोजले; लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. कमला नुसती चाहती राहिली नाही, लिहू लागली. दादी-नानीकडून ऐकलेले आपल्या मुलांनीही मराठीत लिहावे, चित्रांत काढावे. ते छापण्याची जबाबदारी आपली.