घाशीरामाला महाड नव्हते

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याची चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे : नाना फडणविसांचे चित्रण इतिहासास धरून आहे काय, आणि त्यामुळे एका समाजाची बदनामी होते काय? आपण ऐतिहासिक नाटक लिहिलेले नाही, असे लेखकाने स्वतःच सांगितले असल्याने पहिला प्रश्न बराचसा निकालात निघतो. दुसऱ्याने मूळ विषय झाकला जातो. सत्ताधीश आपणच नेमलेल्या कोतवालास दूर करतो, तेव्हा त्या कोतवालाच्या कृत्यांची जबाबदारी कोठे जाते, हा तो विषय होय.

नाटकातील नाना नेमणुकीच्या वेळीच हिशेब मांडून ठेवतात. करणी आपली, अपकीर्ती घाशीरामाची, अशी ती वाटणी आहे. म्हणून अखेरची बडतर्फी हा नानांचा नाइलाज नसून मूळ कराराचाच शेवटचा हप्ता ठरतो. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात, जमाव खवळतो, नाना हुकमावर सही करतात आणि नंतर लोकांसमोर येऊन उत्सवाची आज्ञा देतात. ब्राह्मणांची जी रांग नाटकभर पडदा बनून नानांना झाकते, तिचा अर्थ येथे पुरता उलगडतो.

मरताना घाशीराम बोलतो; परंतु ते बोलणे आत्मधिक्काराचे आहे. मुलीच्या नाशाचे प्रायश्चित्त तो मागतो, नानांविरुद्ध साक्ष देत नाही. ज्यास सर्व ठाऊक आहे तो साक्ष न देता मरतो, म्हणूनच नाना सुरक्षित राहतात. आमच्या मते नाटकाचे मर्म या ठिकाणी आहे.

इतिहासातील घाशीरामाचा अंत ऑगस्ट 1791 मध्ये झाला. त्यानंतर पाचच वर्षांनी खुद्द नानांवर सत्ता गमावण्याची पाळी आली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. 1796 चा पेच सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या वारसाहक्कातून उद्भवला होता. तथापि तुलना उद्बोधक आहे. परशुरामभाऊ पटवर्धन विरोधी पक्षास मिळताच नाना वाईहून कोकणात उतरले. मागचे घाट त्यांनी रोखले, प्रतापगडावर शिबंदी ठेवली आणि महाडास मुक्काम करून रायगड लढता केला. प्रतापगडाखाली उतरले की पोलादपूर, आणि सावित्रीच्या काठाने पुढे महाड, असा हा मुलूख आहे. पाठीशी डोंगर व किल्ले, पुढे बाणकोटच्या खाडीची वाट. तेथूनच त्यांनी निजामाशी महाडचा तह केला, इतर सरदारांशी संधान बांधले आणि वर्ष सरण्यापूर्वी ते पुन्हा कारभारी झाले. पदच्युत नानांना बोलण्यास आणि सौदा करण्यास जागा मिळाली. घाशीरामाला असे महाड नव्हते.

अर्वाचीन राज्यव्यवस्थेत ही जागा किल्ल्याने नव्हे, कायद्याने मिळावयाची असते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी 9 मे 2017 रोजी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांना बडतर्फ केले; आठ दिवसांतच विशेष तपास अधिकारी नेमला गेला आणि जूनमध्ये कोमी यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांची 17 मार्च 2021 रोजी बदली झाली. तीन दिवसांनी त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर वसुलीचे आरोप केले. देशमुख यांनी ते नाकारले. तरी उच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीचा आदेश देताच 5 एप्रिल रोजी त्यांनी राजीनामा दिला.

दूर केलेला अधिकारी निर्दोष असतो, असा याचा अर्थ नव्हे. परमबीर सिंह यांच्यावरही पुढे गुन्हे नोंदले गेले. आणि घाशीराम तर उघड अत्याचारी आहे. प्रश्न त्याच्या सच्छीलतेचा नाही, त्याचे म्हणणे नोंदले जाण्याचा आहे.

या दृष्टीने पाहता नाटकातील खरा पराभव घाशीरामाचा नसून पुणेकरांचा आहे. कोतवाल कोणी नेमला, हे विचारण्याची संधी त्यांच्या हाती आलेली असते. त्या हातांत ते दगड घेतात, आणि नाना सुटतात.