चेहरा, भांडी आणि लेन्सची परीक्षा

व्यक्तिचित्रासाठी कोणती लेन्स घ्यावी, हा प्रश्न आमच्याकडे आणला तो एका शाळेच्या छायाचित्रण मंडळाने. मुलांनी रद्दी विकून पैसे जमवले होते आणि त्यांत एकच लेन्स येणार होती. निवड तिघींतून करायची होती : ५० मिमी एफ १.८, ८५ मिमी एफ १.८ आणि एक जुनी, हाताने फोकस करायची १३५ मिमी एफ २.८. तिन्ही एकाच नाभीय अंतराच्या, म्हणजे झूम नसलेल्या. तिन्ही चार दिवसांसाठी उसन्या मिळाल्या. सोबत मुलांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या लेन्स-परीक्षणांचा एक गठ्ठाही दिला. हा लेख खरे तर त्या गठ्ठ्याविषयी आहे.

बहुतेक परीक्षणांचा साचा एकच दिसला. सपाट तक्ता भिंतीवर लावायचा, त्यावरच्या बारीक रेघा मध्यभागी किती वेगळ्या दिसतात आणि कोपऱ्यांत किती, हे मोजायचे आणि गुण द्यायचे. कारखानदार जे आलेख छापतात त्यांतही दर मिलिमीटरला १० आणि ३० रेघांचा हिशेब असतो. काही आलेख प्रत्यक्ष मोजलेले असतात, काही नुसते गणिताने काढलेले. हे मोजमाप खोटे नाही. नकाशाची किंवा जुन्या पोथीची प्रत काढायची असेल तर ते पाहूनच लेन्स घ्यावी. पण चेहरा सपाट नसतो, तो चौकटीच्या कोपऱ्यात नसतो आणि त्याच्यामागे भिंतच असेल असेही नाही. ज्या कामासाठी वस्तू घ्यायची त्या कामाची परीक्षा न घेता दुसऱ्याच विषयाचे गुण पाहून प्रवेश द्यावा, तसा हा प्रकार आम्हांला वाटला.

तरीही सुरुवात आम्ही त्याच वाटेने केली, हे कबूल केले पाहिजे. वर्तमानपत्राचे पान भिंतीला चिकटवून तिन्ही लेन्सनी फोटो काढले. पूर्ण उघड्या छिद्राला ५० मिमीची कोपऱ्यांतली अक्षरे मऊ आली. एफ ५.६ पर्यंत छिद्र लहान केल्यावर तिघींत फरक सांगणे कठीण झाले. यातून चेहऱ्याविषयी काहीच कळले नाही. मग आम्ही इतवारीत गेलो.

आमच्यातल्या एका विद्यार्थ्याच्या काकांचे तिथे भांड्यांचे दुकान आहे. मागच्या फळ्यांवर स्टीलच्या वाट्या, पेले, पितळी तांबे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर दिव्याचा एक चमकता ठिपका. धूसर पार्श्वभूमी तपासायला याहून चांगली प्रयोगशाळा आम्हांला सुचली नाही. चेहरे दोन घेतले. एक चितार ओळीतल्या मूर्तिकाराकडून आणलेले मातीचे रंगवलेले मुख. ते हलत नाही, पापणी मिटत नाही, कंटाळत नाही. दुसरा चेहरा काकांच्या आईचा.

डोके आणि खांदे येतील अशी सुमारे ६० सेंटिमीटर उंचीची उभी चौकट ठरवली. कॅमेऱ्याचा संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मिमीचा होता. एवढी चौकट भरायला ५० मिमी लेन्सला चेहऱ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर, ८५ मिमीला दीड मीटरवर आणि १३५ मिमीला जवळजवळ २.४ मीटरवर उभे राहावे लागते. शेवटच्या लेन्सच्या वेळी आमची तिपाई ओट्यावरून उतरून रस्त्यातच गेली. इतवारीच्या गल्लीत कॅमेरा आणि चेहरा यांच्यामध्ये २.४ मीटर मोकळी जागा म्हणजे हातठेला, दुचाकी आणि डोक्यावर गाठोडे घेतलेला माणूस यांना आमंत्रणच. कुठल्याही तक्त्यात या गोष्टीला गुण नव्हते.

फोटो पाहून आजींनी पहिल्यालाच विचारले, "माहं नाक एवढं मोठं हाये का रे?" तो ५० मिमीचा होता. १३५ मिमीचा त्यांना पसंत पडला. आम्ही वहीत लिहिले : लांब नाभीय अंतराची लेन्स चेहरा सपाट व सौम्य करते. गठ्ठ्यातल्या निम्म्या परीक्षणांतही असेच वाक्य होते, त्यामुळे आम्हांला बरेही वाटले. तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, लेन्स बदलली तेव्हा तुम्ही मागे पण सरकले ना!"

ती बरोबर होती. आम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि परिणामाचे श्रेय त्यांतल्या एकीलाच दिले होते. वर्गात हीच चूक आम्ही मुलांच्या प्रयोगवहीत लाल शाईने दाखवतो. नाकाचे टोक कानापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर पुढे धरा. नाकापासून ८८ सेंटिमीटरवर कॅमेरा असेल तर कान १०० सेंटिमीटरवर येतो आणि नाक कानाच्या तुलनेत सुमारे १४ टक्के मोठे उमटते. दीड मीटरवरून ही वाढ ८ टक्के होते, २.४ मीटरवरून ५ टक्के. या हिशेबात लेन्स कुठेच येत नाही. मग तिन्ही लेन्सनी २.४ मीटरवरूनच मातीच्या मुखाचे फोटो काढले आणि ५० मिमीच्या फोटोचा मधला भाग २.७ पट मोठा केला. नाक, गाल, कान, सगळे १३५ मिमीच्या फोटोवर बरोबर बसले. बारकावे कमी झाले, प्रमाण तेच राहिले. वर्गात हे पटवायला कॅमेराही लागत नाही. एक डोळा मिटून मित्राच्या चेहऱ्याकडे वीतभर अंतरावरून पाहा. त्याचे कान गालांमागे दडतात. चार पावले मागे जा, कान पुन्हा दिसू लागतात. डोळा तोच असतो.

म्हणजे नाक मोठे दिसण्याचा दोष ५० मिमीच्या माथी मारता येत नाही. ती आपल्याला जवळ जायला लावते, एवढेच तिच्याविरुद्ध म्हणता येते.

आता भांडी. मुख जागेवर ठेवले, वाट्यांची फळी त्याच्यामागे २ मीटरवर. फोकस मुखावर केला की वाट्यांवरचे ठिपके फुगून गोल चकत्या होतात. चकती किती मोठी, हे दहावीच्या समरूप त्रिकोणांनी काढता येते. वाटीवरच्या ठिपक्यापासून लेन्सच्या उघड्या छिद्रापर्यंत किरणांचा एक शंकू कल्पा. या शंकूला चेहऱ्याच्या पातळीवर कापले की जो गोल मिळेल, तोच चित्रात चकती म्हणून दिसतो, कारण स्पष्ट चित्र त्याच पातळीचे येत असते. छिद्राचा व्यास म्हणजे नाभीय अंतर भागिले एफ-अंक. ८५ मिमी एफ १.८ चा व्यास ४७ मिमी येतो, १३५ मिमी एफ २.८ चा ४८ आणि ५० मिमी एफ १.८ चा २८.

पहिल्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. "१३५ मिमीची धूसरता ८५ मिमीला कधी येणार नाही" असे ठाम विधान गठ्ठ्यात होते. दूरच्या दिव्यांची चकती चेहऱ्याच्या मापात छिद्राच्या व्यासाएवढीच येते, म्हणून या दोन लेन्स त्या बाबतीत सारख्याच आहेत. दुकानात तर गणित उलटले. व्यासाला २ मीटर या मागच्या अंतराने गुणून कॅमेरा ते फळी या एकूण अंतराने भागायचे. ८५ मिमीची चकती येते २७ मिमी, १३५ मिमीची २२ मिमी आणि ५० मिमीची १९ मिमी. मुखाशेजारी पट्टी ठेवून फोटोत मोजले, तेव्हा उत्तरे याच्या जवळपास आली. भिंत जवळ असेल तर ८५ मिमीच जास्त धूसर करते, आणि आपल्याकडच्या खोल्यांत भिंत बहुधा जवळच असते.

चकतीचा आकार झाला, पण तिची जात वेगळी. काही लेन्सच्या चकतीला कडेने उजळ कडी येते, काहींची कडेला विरत जाते. याचे मूळ गोलीय विपथन किती व कोणत्या बाजूला दुरुस्त केले आहे यात असते. आमच्या ५० मिमीच्या चकत्यांना कडी होती आणि वाट्यांची ओळ मागे चुळबुळ करत असल्यासारखी दिसे. चौकटीच्या कडेकडे तिन्ही लेन्सच्या चकत्या लिंबाच्या फोडीसारख्या चपट्या झाल्या, कारण तिरप्या किरणांना लेन्सची नळी आडवी येते. ८५ मिमीमध्ये फोकसच्या मागे असलेल्या पेल्यांच्या कडांवर हिरवट झाक होती, पुढच्यांवर जांभळट. हे वर्ण विपथन. सपाट तक्त्यावर ते लपते, पेल्याच्या कडेवर लपत नाही.

या चकत्यांच्या गुणाला आज सगळीकडे वापरला जाणारा 'बोके' हा जपानी शब्द इंग्रजी वाचकांत रुळला तो १९९७ साली एका अमेरिकन छायाचित्रण मासिकाने त्यावर लेख छापल्यानंतर. लेन्स बनवणाऱ्यांना ही बाब त्याआधीच ठाऊक होती. निकॉनने १९९० मध्ये १३५ मिमी एफ २ ची अशी लेन्स काढली की एक कडे फिरवून गोलीय विपथन मुद्दाम कमीजास्त करता यावे. मिनोल्टाने १९९९ मध्ये १३५ मिमी एफ २.८ लेन्समध्ये कडेकडे काळवंडत जाणारे भिंग बसवले. त्याने चकत्यांच्या कडा विरघळतात, पण प्रकाश एफ ४.५ एवढाच पोचतो. आकड्यांच्या परीक्षेत ही लेन्स मंद ठरेल.

याहून जुने उदाहरण अधिक बोलके आहे. १८३९ साली दागेरच्या कॅमेऱ्याला शेव्हालिए यांची लेन्स होती. ती इतकी मंद, की माणसाला मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झव्हालने गणित करून एफ ३.६ च्या सुमाराची लेन्स आखली आणि फोइक्टलेंडरने ती बनवली. प्रकाश पंधरा पटींहून अधिक वाढला आणि चेहऱ्याचा फोटो हा धंदा होऊ शकला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा जगभरच्या स्टुडिओंत पेट्झव्हालच्या धर्तीच्याच लेन्स होत्या. या लेन्सचे प्रतिमा-पृष्ठ वक्र असते. मध्यभाग धारदार आणि कोपरे वाहून गेलेले. आजच्या तक्त्यावर ती कोपऱ्यांत सपशेल नापास होईल.

एक परीक्षा आमचीच फसली, तीही सांगतो. पहिल्या दिवशीचे ८५ मिमीचे निम्मे फोटो मऊ आले आणि आम्ही लेन्सला दोष दिला. या चौकटीत एफ १.८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम ३ सेंटिमीटर असते, एफ २.८ ला ५. डोळा धारदार तर कान धूसर, हे ठरलेलेच. आम्ही मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करत होतो आणि मग कॅमेरा खाली वळवून चौकट जमवत होतो. डोळा मध्यापासून १५ सेंटिमीटर वर असेल तर दीड मीटरवर या वळवण्याने फोकसची पातळी डोळ्याच्या मागे साडेसात मिलिमीटर सरकते. त्यात आजींची मान थोडी पुढे आली की डोळा गेलाच. फोकसचा बिंदूच वर डोळ्यावर नेऊन ठेवला आणि तीच लेन्स एकदम सुधारली.

काकांनी आपला फोन काढून दाखवला. "यात पण मागचं धूसर येते." येते खरे. पण फोनमधल्या मुख्य लेन्सचे छिद्र चारएक मिलिमीटरचे, तिच्याकडून एवढ्या मोठ्या चकत्या येणे शक्य नाही. त्या हिशेबाने रंगवलेल्या असतात. आजींच्या चष्म्याच्या काडीचा अर्धा भाग त्या हिशेबाने वाट्यांत जमा केला होता.

शेवटी चोवीस छापील फोटो, मागे फक्त क्रमांक लिहून, शिक्षकांच्या खोलीत मांडले. बहुतेकांनी निवडला तो आजी हसताना काढलेला. तो ५० मिमीचा होता, दीड मीटरवरून घेतलेला, बाजूचा भाग कापून.

मंडळाला आम्ही ८५ मिमी सुचवली. १३५ मिमी नीट बनवलेली, पण वर्गखोलीत तिला मागे जायला जागा नाही आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात तिच्यापेक्षा ८५ मिमीला जवळजवळ अडीचपट प्रकाश मिळतो. हिरव्या कडांची तक्रार आमच्या वहीत कायम आहे. आजींनी हसण्याच्या फोटोची मोठी प्रत मागितली आहे.