‘आर्य’ : एका हाताने चाललेले मासिक

एकहाती मासिक ही गोष्ट मराठी वाचकास अपरिचित नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे बहुतेक सर्व अंक स्वतःच लिहून काढले. पाँडिचेरीहून १५ ऑगस्ट १९१४ रोजी निघालेल्या ‘आर्य’ या इंग्रजी मासिकाचा विचार करताना ‘माले’ची आठवण ठेवणे उपयोगाचे ठरेल. श्रीअरविंदांचे तत्त्वज्ञान आज आपण जाडजूड ग्रंथांत वाचतो. परंतु ते ग्रंथ म्हणून जन्मलेच नाहीत. दरमहा चौसष्ट पाने भरली पाहिजेत, या व्यावहारिक निकडीतून ते हप्त्याहप्त्याने लिहिले गेले. त्यांच्या गुणदोषांचा उलगडा या निकडीकडे पाहिल्यावाचून होत नाही, असे आम्हांस वाटते.

मासिकाची कल्पना मुळात पॉल रिशार या फ्रेंच गृहस्थांची. ते आणि त्यांच्या पत्नी मीरा, म्हणजे पुढे ‘माताजी’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या, १९१४ च्या मार्चमध्ये पाँडिचेरीस आल्या, आणि काही महिन्यांतच अंक निघाला. सर्व ज्ञानाचा समन्वय साधावा, मनुष्य ही उत्क्रांतीची अखेरची पायरी नव्हे हे दाखवावे आणि भावी मानवजातीची दिशा शोधावी, असा संकल्प होता. पण युरोपात महायुद्धाचा भडका उडून तेव्हा जेमतेम दोनतीन आठवडेच झाले होते! रिशार यांना फ्रेंच सैन्याचे बोलावणे आले आणि १९१५ च्या फेब्रुवारीत ते दांपत्य परत गेले. फ्रेंच आवृत्ती लवकरच बंद पडली. उरले श्रीअरविंद आणि त्यांच्यासमोरची चौसष्ट कोरी पाने. या प्रसंगाची हकिकत त्यांनी स्वतःच पुढे मोठ्या विनोदाने सांगितली आहे. आपण तत्त्वज्ञ कधी नव्हतोच, असेही ते म्हणत.

मग हे लेखन आले कोठून? येथे बडोद्याचा धागा येतो. १८९३ पासून सुमारे तेरा वर्षे ते त्या संस्थानाच्या सेवेत होते. मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ या मराठी-इंग्रजी पत्रातील काँग्रेसवरील त्यांची निनावी लेखमाला १८९३-९४ मधलीच. पुढे १९०८ च्या आरंभी बडोद्यातच विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या सान्निध्यात तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. ‘आर्य’चे सारे खंड आपण त्या निःशब्दतेतूनच लिहिले, असे त्यांचे सांगणे आहे. टीकाकाराने हे सांगणे मानावे की न मानावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. लेखनात मात्र त्याची एक खूण स्पष्ट दिसते : हे गद्य कोणाशी बोलत नाही. एकेका वाक्याच्या पोटात चारचार उपवाक्ये घेऊन ते संथपणे पसरत जाते, आणि मागच्या महिन्याचा अंक ज्याच्या हाती नाही अशा वाचकासाठी तोच विचार पुन्हा मांडते. ‘दिव्य जीवन’ १९१४ च्या ऑगस्टपासून १९१९ च्या जानेवारीपर्यंत चालले. ग्रंथरूपाने सलग वाचताना जी पुनरुक्ती जाचते, ती महिन्याच्या अंतराने वाचणाऱ्यास बहुधा उपकारकच वाटली असेल. १९३९-४० मध्ये ग्रंथ काढताना त्यांनी विशेषतः उत्तरार्धाची मोठी पुनर्रचना केली, हा मासिकी साच्याच्या अपुरेपणाचा लेखकानेच दिलेला निर्वाळा होय.

शास्त्रीबुवांना प्रतिपक्ष लागे. लोकहितवादी समोर नसते तर ‘माले’तील कितीतरी निबंध फिकट झाले असते. (त्या निबंधांत अन्याय किती झाला, हा वेगळा विषय.) ‘आर्य’तही जेथे कोणी समोर आहे तेथे लेखणी एकदम सजीव होते. जेम्स कझिन्स यांच्या इंग्रजी साहित्यावरील एका पुस्तकाचे परीक्षण लिहावयास ते १९१७ च्या डिसेंबरात बसले. परीक्षण वाढत वाढत बत्तीस प्रकरणांचे ‘भावी काव्य’ झाले. १९१८ च्या अखेरीस वुड्रॉफ यांच्या पुस्तकाच्या निमित्ताने विल्यम आर्चर या टीकाकाराचे भारतनिंदक विधान हाती लागले, आणि भारतीय संस्कृतीच्या समर्थनाची मोठी लेखमाला उभी राहिली. तिच्यातला उपरोध ‘दिव्य जीवन’च्या लेखकाचा आहे हे सांगूनही खरे वाटू नये. आमच्या मते ‘आर्य’चे उत्तम गद्य या दोन मालांत आहे, भक्तमंडळींना हे रुचणार नाही.

१९८८ साली अमेरिकेत मॅक्स मोर आणि टॉम बेल या दोन तरुणांनी ‘एक्स्ट्रॉपी’ नावाचे छोटे नियतकालिक काढले. मनुष्याने मनुष्यत्वापलीकडे जावे हाच तेथेही ध्यास. साधन मात्र योग नव्हे, यंत्र. मोर हे ‘अधिक’ या अर्थाचे आडनाव त्यांनी स्वतः घेतलेले, आणि बेल यांनी टोपणनाव घेतले ते ‘उद्या’ची आठवण करून देणारे. ते छापील स्वरूपात १९९६ पर्यंतच चालले. पण त्याच्या पानांवर अनेक हात लिहीत होते. ‘आर्य’ला तो लाभ नव्हता. वेदांच्या रहस्यापासून मानवी ऐक्याच्या आदर्शापर्यंत पाचसहा माला एकाच वेळी एकाच माणसाने चालवाव्यात, हा पराक्रम खरा; परंतु त्या माला परस्परांना कधी अडवीत नाहीत, उलटतपासणी करीत नाहीत. चळवळीचे मुखपत्र म्हणून निघालेल्या मासिकात चळवळच तेवढी ऐकू येत नाही.

१९२१ च्या जानेवारीत ‘आर्य’ बंद झाले. पहिल्या अंकापासून चालू असलेला ‘योगसमन्वय’ तेव्हा अपुरा होता. पुढे त्याच्या काही भागांवर त्यांनी हात फिरवला, पण तो अपुरा राहिला तो राहिलाच.