त्वरणमापीच्या नोंदींचे समाकलन : एका नेहमीच्या प्रयोगाची चिकित्सा

मोबाईलमधील त्वरणमापीच्या नोंदी घ्यायच्या, पायथॉनमध्ये सायपायच्या ‘क्युम्युलेटिव्ह ट्रॅपेझॉइड’ या फलनाने त्यांचे दोनदा समाकलन करायचे आणि विस्थापनाचा आलेख काढायचा, हा प्रयोग आता विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. आलेख भरकटला की समलंब नियमाला दोष दिला जातो व सिम्प्सनचा नियम सुचवला जातो. हे निदान चुकीचे आहे.

आकडे मांडून पाहू. समजा, त्वरण १ मी./से.² आयामाने आणि १ हर्ट्झ वारंवारतेने साइन वक्राप्रमाणे बदलते व सेकंदाला १०० नोंदी मिळतात. समलंब नियमाच्या त्रुटिसूत्रानुसार १० सेकंदांनंतर वेगातील त्रुटी फार तर ०.००३३ मी./से. असेल. आता फोन टेबलावर स्थिर, पण केवळ १° कललेला आहे असे धरा. गुरुत्वत्वरणाचा ०.१७ मी./से.² इतका घटक फोनच्या आडव्या अक्षावर नोंदला जातो. १० सेकंदांत वेगात १.७ मी./से., म्हणजे वरच्या त्रुटीच्या सुमारे ५०० पट, आणि विस्थापनात साडेआठ मीटर त्रुटी साचते. फोन मात्र जागचा हललेलाही नाही! सिम्प्सनचा नियमही हेच साडेआठ मीटर देईल.

दुसरा आक्षेप फलनाच्या रचनेवर. वेळेची माहिती दिली नाही तर ते दोन नोंदींमधील अंतर १ मानते आणि तसे सांगतही नाही. १०० हर्ट्झच्या नोंदींवर वेग १०० पट, विस्थापन १०,००० पट येते. अंतर ०.०१ लिहून भागवणेही बरे नव्हे. फोनच्या नोंदी काटेकोर समान अंतराने येतीलच असे नाही, म्हणून नोंदलेल्या वेळाच फलनाला द्याव्यात. समलंब नियमाला असमान अंतरे चालतात. पाठ्यपुस्तकातील सिम्प्सनच्या सूत्राला चालत नाहीत.

काही अहवालांत उच्चगामी गाळणी लावून आलेख शून्याजवळ आणलेला असतो आणि तो यश म्हणून दाखवला जातो. गाळणी त्रुटीबरोबर खरे संथ विस्थापनही काढून टाकते, याचा उल्लेख नसतो. फोन आधी स्थिर ठेवून सरासरी वजा करणे अधिक प्रामाणिक. पण फोनचा कल बदलला की तेही निरुपयोगी.

सुरुवातीला जायरोस्कोप घ्यावा. समाकलन एकदाच करायचे असल्याने स्थिर दोषाची त्रुटी काळाच्या वर्गाने नव्हे, काळाच्या प्रमाणात वाढते. शिवाय फोन टेबलाच्या कोपऱ्याशी लावून ९०° फिरवला, तर उत्तर आधीच ठाऊक असते.